रुमालाखालचा हात

बैल घ्यायचा नसताना दर बाजाराला बैलांचा भाव करणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे शेजारी, प्रोफेसर माधवराव. जन्म कुरुंद्याचा, पण सारी नोकरी हैदराबादेत, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवण्यात गेली. निजामाच्या राज्यातलं कॉलेज, त्यामुळे व्याख्यानं उर्दूतून. पत्नी वारल्यावर पेन्शन घेऊन ते एकटेच हिंगोलीला येऊन राहिले.

कुठलाही विषय निघाला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "बाकी सगळं जिथल्या तिथं आहे असं धरा." एकदा दूध पातळ का येतं, हे ते गवळणीलाच समजावू लागले. ती बिचारी चरवी घेऊन ताटकळली आणि शेवटी म्हणाली, "धरलं साहेब. आता भांडं धरा."

संध्याकाळी ओट्यावर बसून ते मला कॉलेजच्या गोष्टी सांगत. मी पडलो इथला शाळामास्तर. "मास्तर, दोन प्रोफेसर तत्त्वासाठी भांडतात असं बाहेर वाटतं. ते पंख्याखालच्या खुर्चीसाठी भांडतात." नाहीतर, "कॉलेजच्या गावात खरी खबर चहावाल्याकडे असते. प्रिन्सिपॉलला ती सगळ्यात शेवटी कळते." हे सगळं इतक्या गंभीर चेहऱ्यानं की हसायची चोरी. मी हसलोच तर ते उपरण्यानं चष्मा पुसत बसत.

आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल रुमाल टाकतो, त्याखाली गिऱ्हाईक आणि दलाल एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवतीच्या माणसांना काही कळत नाही. माधवरावांना ही रीत मुळीच पसंत नव्हती. भाव कसा उघड असावा, चारचौघांत ठरावा, हे त्यांनी जन्मभर शिकवलेलं. "हा शास्त्राचा अपमान आहे," असं म्हणत ते बाजारात शिरायचे आणि सगळ्यांच्या आधी रुमालाखाली हात घालायचे. विद्वान माणूस अभ्यास करतो आहे, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

एका बाजारी मात्र घात झाला. कनेरगाव नाक्याकडचा एक शेतकरी बैल घेऊन आला होता. वाशीमच्या गिऱ्हाइकाचा भाव त्याला पटत आला होता. तेवढ्यात माधवरावांनी बोटं जरा जास्त दाबली. दलालाकडून तो आकडा कळताच शेतकऱ्याची आशा वाढली, वाशीमचा माणूस चिडून निघून गेला आणि माधवराव नेहमीप्रमाणे हात काढून घेऊन पुढच्या बैलाकडे वळले. तो शेतकरी बैल घेऊन उन्हातून परत गेला.

दलाल सखाराम शिरड शहापूरचा, तोंडाचा फटकळ. तो तडक माझ्याकडे आला. "मास्तर, तुमीच सांगा त्यायला. आता त्यायच्या हातावर रुमाल टाकणार न्हाई. गरिबाला तकलीफ होऊन राहिली. बैल घ्यायचा न्हाई, तं काहून येतेत हे?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी निरोप सांगितला आणि वर तोच प्रश्न विचारला. माधवरावांनी चष्मा पुसला.

"शेतकऱ्याचं नुकसान झालं, ते माझ्याकडून झालं," ते म्हणाले. "सखाराम योग्य तेच करतो आहे." मग चष्मा डोळ्यांवर चढवला. "मास्तर, शेवटच्या आजारात हिचा हात दिवसभर माझ्या हातात असायचा. ती गेल्यापासून माझा हात कुणी धरलेला नाही. विद्यार्थी आदाब करायचे, इथं लोक रामराम करतात. सगळं लांबून. त्या रुमालाखाली मात्र माणूस घट्ट धरतो. सौदा होईपर्यंत सोडत नाही."

इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसत होतो, तेही हातभर अंतर ठेवूनच. दुसऱ्या दिवशी मी सखारामला गाठून सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि रुमाल खांद्यावर टाकून तो निघून गेला.

पुढच्या बाजारी माधवराव घरीच राहिले. सकाळपासून ओट्यावर बसून होते. गवळणीलाही काही समजावलं नाही. उन्हं कलली, बाजार उठला, तेव्हा सखाराम आला. पाय धुळीनं भरलेले. मला वाटलं, आता उरलंसुरलं भांडण करणार. तो माधवरावांच्या शेजारी टेकला आणि त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला.

"द्या हात, साहेब."

"कोणत्या बैलाचा सौदा?"

"बैल गेले समदे. तुमी हात द्या."

माधवरावांनी हात पुढे केला. सखारामनं त्यावर रुमाल टाकला आणि आपला हात आत घातला. दोघंही समोर बघत बसले. दिवेलागण होत आली तरी कुणी हलेना.

शेवटी मीच विचारलं, "काय, जमला का भाव?"

"न्हाई जमून राहिला," सखाराम म्हणाला. "पुढच्या बाजारी पुन्हा बसावं लागंल."