अठ्ठावीस मीटरवरची सही

आमच्या शेजारच्या दिनूअण्णांच्या घरात प्रत्येक वस्तूला पट्टी असते. पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर काळ्या पेनाने लिहिलेली मर्यादा आणि खाली सही. स्कूटरवर 'ताशी चाळीस'. लोणच्याच्या बरणीवर 'दिवसाला एक फोड'. टीव्हीच्या रिमोटवर 'बातम्या पंधरा मिनिटं'. मर्यादा घालणारे आणि पाळणारे अण्णा एकटेच. सुमनवहिनींना जाऊन चार वर्षं झाली.

हे खूळ त्यांनी समुद्रातून आणलं. उभा जन्म कचेरीत फायली हलवून संध्याकाळी रंकाळ्याच्या काठाने फिरणारा हा माणूस बासष्टाव्या वर्षी मालवणला गेला आणि पाठीवर सिलिंडर बांधून बुडी मारायला शिकला. कॉलनीने तोंडात बोटं घातली. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून वर्षभरात त्यांनी गॅसचं पुढचं शिक्षणही घेतलं.

ते शिक्षण काय असतं, हे आता आमचा दूधवालाही सांगेल. सिलिंडरमध्ये साध्या हवेऐवजी जास्त प्राणवायूचं मिश्रण भरलं की पाण्याखाली जास्त वेळ राहता येतं. मी एकदा सहज म्हणालो, मग प्राणवायू भरपूर भरून चांगलं खोल जावं की. अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली.

"समदी हितंच चुकत्यात. प्राणवायू जास्त, तेवढं खोल कमी. त्याच्या खाली गेलास तर त्योच प्राणवायू फिट आणतोय. पाण्यात फिट आली की खेळ खलास."

म्हणून आपला सिलिंडर आपण मोजायचा, किती टक्के आणि किती मीटर ते पट्टीवर लिहायचं, सही करायची. दुसऱ्याच्या मोजण्यावर जायचं नाही. ही सवय अण्णांच्या इतकी अंगात मुरली की खानावळीत वाढपी 'तांबडा रस्सा तिखट न्हाय' म्हणाला तरी ते आधी चमच्याच्या टोकाने चाखतात, मगच वाटी जवळ ओढतात.

महिन्यातून एकदा ते गगनबावड्याच्या वाटेने मालवणला जातात. परत आले की संध्याकाळी कट्ट्यावर बसून डोळे मिटतात आणि सांगू लागतात. खाली उजेड गाळून आल्यासारखा निळा पडतो, मासे अंगाला घासून जातात, घाई कुणालाच नसते, आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. एरवी गल्लीच्या टोकाला पोचणारा त्यांचा आवाज तेव्हा इतका हळू होतो की ऐकता ऐकता मीही कट्ट्यावरून सुटून तरंगायला लागतो. मला ते फार आवडतं.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मात्र गेल्या महिन्यात कळलं. वहिनींचं माहेर मालवणचं. त्यांच्या अस्थी तिथेच, बोटीतून समुद्रात सोडल्या. अण्णांनी तांब्या उपडा केला आणि तोही हातातून निसटला. वहिनींच्या लग्नातला, त्यांचं नाव घातलेला तांब्या. तेव्हापासून एकच ध्यास, तो वर आणायचा. शोधायला जास्त वेळ मिळावा म्हणून अण्णा गॅस शिकले होते.

"दिसला," ते म्हणाले. "खडकाच्या कपारीत. हिरवा पडलाय, पर काठाचा पोचा वळखला. मीच पाडलेला. दोन हात खाली हुता."

मी विचारलं, मग?

"हाताला खोली दावणारं घड्याळ असतंय, त्यात अठ्ठावीस मीटर झालतं. पट्टीवर अठ्ठावीसच, आणि सही माझी. एकदा वाटलं, दोन हातानं काय हुतंय. वर तरी कोण वाट बघतंय. पर सोबतीला आलेला गडी माझ्याकडंच बघत हुता. हात जोडलं आणि वर आलो."

त्या पट्टीला मी इतके दिवस हसत होतो, याची लाज वाटली. मग त्यांनीच शिकवलेलं मी त्यांना सांगितलं: पुढच्या बारीला प्राणवायू थोडा कमी भरा. वेळ कमी मिळेल, पण आणखी चार-पाच मीटर खाली जाता येईल. तांब्या हातात येईल.

अण्णांनी खिशातून पुढच्या महिन्याची पट्टी काढून दाखवली. छत्तीस टक्के, अठ्ठावीस मीटर, सही. मोजल्याशिवाय अक्षर न लिहिणाऱ्या माणसाने ती आधीच लिहून ठेवली होती.

"तांब्या वर आणला की संपलंच की रं," ते म्हणाले. "ह्या गॅसवर तिच्याजवळ जास्त वेळ बसाय मिळतंय."