‘पुस्तक’ ताबडतोब जमा करावे

"फुकट मिळतंय, म्हणजे काहीतरी खोट असणार," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. वाचनालय त्यांच्या शब्दावर चालायचं.

"खोट नाही, सर. अनेकांनी मिळून केलेला प्रोग्रॅम आहे. कुणीही घ्यावा, कुणीही सुधारावा. वाचकांना घरबसल्या पुस्तक शोधता येईल," ग्रंथपालबाई म्हणाल्या. लाकडी खणांतली कार्डं चाळून त्या मेटाकुटीला आल्या होत्या.

"उद्याच्या सभेत चालवून दाखवा. नाही जमलं तर आपली कार्डंच बरी. पुन्हा विषय काढायचा नाही."

बाई हट्टाला पेटल्या. त्याच रात्री त्यांनी असे तीन फुकटचे प्रोग्रॅम लावून पाहिले. एक उघडेचना. दुसऱ्याला पुस्तकापेक्षा वाचकाच्या जन्मतारखेचीच काळजी. तिसरा शहाणा निघाला. त्यात त्यांनी सगळ्या सभासदांचे खरे ईमेल भरले. मुदत टळल्याची आठवण कशी दिसते ते बघायला प्रत्येकाच्या नावावर ‘पुस्तक’ नावाचं एक खोटंच पुस्तक टाकलं आणि मुदत मागच्या वर्षीची घातली. आठवण फक्त आपल्यालाच दिसेल, असा त्यांचा भाबडा समज. प्रोग्रॅम कामाला वाघ. त्याने झाडून सगळ्यांना कळवलं: ‘आपल्याकडील पुस्तक ताबडतोब जमा करावे.’

सकाळी दारात ही रांग.

"मशीनचा पाय डुगडुगायचा, म्हणून खाली लावलं होतं," शिंपीकाका म्हणाले. "वाचलंय मात्र पूर्ण."

"आमच्या ह्यांनी नेलेलं," मागच्या काकू म्हणाल्या. "हे गेले, पुस्तक राहिलं."

तेवढ्यात नणंदेचा फोन. "वहिनी, नात्यातल्यांना तरी सोडायचं होतं."

कपाटं भरली, खुर्च्या भरल्या. निम्मी पुस्तकं कायम बाहेर असतात, या भरवशावरच तर कपाटं पुरत होती. संध्याकाळी सभेत हसं होणार आणि ती कार्डं जन्मभर मानगुटीवर बसणार.

इतक्यात मागच्या दाराने अध्यक्ष आले. हातात जड पिशवी.

"तुमच्या त्या प्रोग्रॅमला कळलं कसं हो?" त्यांनी आवाज खाली आणला. "मी हेडमास्तर होतो तेव्हापासूनची आहेत. मला वाटलं, कार्डांत कुणाला सापडायची नाहीत. मानलं बुवा त्याला."

बाईंना गप्प बसता आलं असतं. पण स्वभावाला औषध नाही.

"त्याला काहीच कळलेलं नाही, सर. माझ्या चुकीने सगळ्यांनाच नोटीस गेली. तुमच्याकडे पुस्तकं आहेत, हे मलाही आत्ताच कळतंय."

अध्यक्षांचा चेहरा पडला. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि मग त्यांना हसू आवरेना.

"म्हणजे मी उगाच आणली."

"तसंच म्हणायचं."

"यातली दोन वाचायची राहिलीत. परत नेऊ?"

"न्या की. पण आता नोंद होणार. आणि मुदत टळली, तर तो हेडमास्तर-बिडमास्तर बघत नाही."

अध्यक्षांनी खुर्चीवरचा गठ्ठा उचलून खाली ठेवला आणि ते कॉम्प्युटरसमोर बसले.

"दाखवा नोंद कशी करतात ती. संध्याकाळी सभेत मलाच करून दाखवावी लागेल."