सगळ्या खोल्यांतल्या काकू

आमच्या शेजारच्या मिलिंदकाकांच्या घरी रिकाम्या खुर्चीवर बसायचं नाही. "तिथं थोडी रत्ना आहे," असं ते अगदी सहज सांगतात. मग पाहुणा उंबऱ्यावर टेकतो, आणि आतल्या प्रत्येक खोलीत काकूंसाठी ठेवलेला चहा निवत राहतो.

काका पुण्यात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. निवृत्त होऊन आपल्या गावी, येडशीला आले. अतिथंड वायू हा त्यांचा विषय. "लेझरच्या लाटा समोरासमोर सोडल्या, की प्रकाशाचे खळगे पडतात. अंड्यांचा ट्रे असतो ना, तसे. अणू लई गार केला, की तो एका खळग्यात न्हाय राहत, सगळ्यांत पसरतो. बघितलं, की एकाच खळग्यात सापडतो. म्हणून उगं बघू नये!"

हे ते दूधवाल्यालाही ऐकवतात. बिचारा डोळे मिटून माप ओततो. निम्मं दूध पायरीवर.

गेल्या वर्षी रत्नाकाकू बहिणीकडे जायला येडशी स्टेशनवर गेल्या, त्या तिकडं पोचल्याच नाहीत. तेव्हापासून काकांनी त्यांना घरभर पसरवलं.

मी भानामतीविरुद्धची पत्रकं वाटत वाढलो. पण त्या घरात शिरलं, की भर दुपारी मानेवर गारवा यायचा. आतल्या खोलीकडे माझीही नजर वळायची नाही. याचाच मला जास्त संताप.

"काका, अणूचा नियम माणसाला लावणं ही बुवाबाजी आहे."

"व्हय की. असला नियम माणसाला लागत न्हाय, हेच आयुष्यभर पोरांना शिकवलंय."

एका सकाळी सोलापूरहून पोलिसांचा फोन आला. शवागारात एक बेवारस बाई होती. ओळख पटवायला या म्हणाले. काकांनी फोन माझ्या हातात कोंबला. "तू जा. म्या न्हाय बघणार."

"तुम्ही बघितलं नाही म्हणून काकू जिवंत राहणार आहेत?" मी ओरडलोच. "आणि त्या काकूच असल्या तर? बेवारस म्हणून जाऊ द्यायचं त्यांना?"

काका उठले, चपला शोधू लागले.

शवागारात चादर सरकवली, तेव्हा मीच भिंतीकडे वळलो. काका बघत राहिले.

"रत्ना न्हाय."

मी दाराकडे निघालो. "चला काका."

ते हलले नाहीत. त्या अनोळखी बाईच्या कपाळावरचे केस त्यांनी बोटानं मागं सारले. मग शिपायाकडं वळून म्हणाले, "बाबा, एखादं स्टूल मिळंल का? हिचंबी कुणीतरी घरात बसून यायचं टाळत असंल. ते येईपर्यंत बसतो."