सोळंके सर आणि थँक्यू

सोळंके सरांना थँक्यू म्हणू नये. दिलेलं परत घेतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. एकदा भर उन्हात त्यांनी मला सेलू स्टेशनवरून स्कूटरवर घेतलं. मी बसता बसताच थँक्यू म्हणालो. रेल्वे फाटकापाशी स्कूटर थांबली. "उतर," सर म्हणाले. "आभार मानून झाले ना? मग विषय मिटला." उरलेला रस्ता मी झेरॉक्सच्या कागदाचे गठ्ठे डोक्यावर घेऊन तुडवला.

सर जन्मभर इंग्रजी शिकवून रिटायर झाले आणि राहतात माझ्या घराच्या भिंतीला भिंत लावून. माझं झेरॉक्सचं दुकान. गिऱ्हाइकाला थँक्यू म्हणून म्हणून जीभ बिघडलेली, त्यामुळे त्यांच्या संतापाचा मोठा वाटा मलाच मिळतो.

"अरे, थँक आणि थिंक सख्खे भाऊ हायेत," ते सुनावतात. "जुन्या इंग्रजीत थँक म्हणजे विचार. कुणी आपल्यासाठी काही केलं, तर ते मनात धरून ऱ्हाणं. तू मोबाईलमध्ये बघत बघत कुणाचा विचार करायलास?"

'नो थँक्यू'वर तर त्यांचा विशेष राग. घेतलं तरी थँक्यू, नाही घेतलं तरी थँक्यू; हा शब्द आहे का रबरी शिक्का, असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता दार आपटून आत जातात.

मग माणसानं करावं काय? सरांचं म्हणणं, आपल्याकडं हे काम भांडं करतं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. चिमूटभर साखर घाला, चार मिरच्या घाला, पण घाला. इंग्रजाला हे सुचलं नाही, म्हणून बिचाऱ्यानं शब्द काढला. सरांच्या बायको, आमच्या काकू, होत्या तोवर हे खरंही होतं. आमची वाटी त्यांच्याकडून यायची ती लाडू नाहीतर धपाटे घेऊनच.

काकू उन्हाळ्यात गेल्या. तेव्हापासून आम्ही सरांना रोज जेवणाचा डबा पाठवू लागलो आणि डबे परत येणं बंद झालं. होता होता घरातले सगळे डबे भिंतीपलीकडं गेले. मी दुकानात आइस्क्रीमच्या प्लास्टिक डब्यातून भाजी नेऊ लागलो, तेव्हा बायको तडकली. "आज जाऊन घेऊनच या. अन् तिथं तोंड उघडू नका."

गेलो आणि उघडलं. ओट्यावर सगळे डबे लख्ख घासून पालथे घातलेले दिसले, म्हणून समजूतदारपणे म्हणालो, "द्या की सर तसेच रिकामे. आपल्यात काय हाय एवढं."

सर असे भडकले की मी दोन पावलं मागं सरलो. रिकामे? ह्या घरातून? ती असताना एक वाटी तरी रिकामी गेली होती का? मग आवाज एकदम बसला. त्यांनी गॅसकडं बोट केलं. तव्यावर एक काळं ठिक्कर धपाटं होतं, शेजारच्या ताटात तसलीच आणखी.

"रोज करून बघायलोय," ते म्हणाले. "भरण्यासारखं काही जमंना झालंय. म्हणून अडलेत तुझे डबे."

मला तरी कुठं येत होतं? बायकोला फोन लावून स्पीकरवर टाकला. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तिखट, हळद, मीठ, पाणी अंदाजानं. सर वहीत लिहून घेत होते. तिथं पेन थांबलं.

"अंदाजानं म्हणजे नेमकं किती? ही काय व्याख्या झाली?"

"हाताला कळतंय सर," बायको म्हणाली.

सरांनी वही मिटली, बाह्या सारल्या आणि परातीत हात घातला. पीठ बोटांना चिकटून बसलं. ते तसेच उभे राहिले.

"सुमनला कसं कळायचं, विचारायचंच ऱ्हाऊन गेलं."

वीस वर्षं शेजारी राहून काकूंचं नाव सुमन होतं, हे मला तेव्हा कळलं. मी तांब्या उचलून परातीत पाणी ओतलं. नको तेवढं पडलं. सरांनी कोपरानं पिठाचा डबा माझ्याकडं सरकवला.