चार मीटर मॅकग्रॅडन

पार्सल आलं तेव्हा त्यातलं पुस्तक वाचायला घ्यायचं आणि कापड ट्रंकेत ठेवायचं, एवढाच निर्णय मानसिंगराव कोकरे यांनी घेतला. त्यांची चूक इतकीच की, ट्रंक कोणती हे त्यांनी पाहिलं नाही. (चौतीस वर्षं ते बारामतीच्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. कुठला कागद कुठं आहे हे झोपेतून उठवलं तरी सांगत. कापडाचा प्रसंग कधी आला नव्हता.)

पार्सल स्कॉटलंडहून आलं होतं. तिथं नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीनं, श्रेयानं, इयन मॅकग्रॅडन नावाचा जावई शोधला होता आणि मे महिन्यात बारामतीत लग्न होतं. इयनचे वडील अ‍ॅलिस्टर हे त्यांच्या कुळाचे प्रमुख. त्यांनी लिहिलं होतं, 'हे आमच्या कुळाचं टार्टन. कुळातला माणूसच हे वापरतो, किंवा कुळप्रमुख ज्याला आपला मानतो तो. लग्नात आपण ते खांद्यावर घ्यावं, ही विनंती.' कापड चार मीटर, लोकरीचं, गर्द हिरव्यावर निळी चौकडी आणि मधून एक लाल रेघ.

सोबतचा कुळाचा इतिहास मानसिंगरावांनी तीनदा वाचला. शेजारच्या कुळाची गुरं पळवली, त्यावरून तलवारी निघाल्या, मग दोनशे वर्षं अबोला. पुढं राजाविरुद्धचं बंड फसलं, तेव्हा छत्तीस वर्षं टार्टन घालायलाच बंदी!

"म्हंजे भाऊबंदकीच की," कौसल्याबाई शेंगा फोडत म्हणाल्या.

"भाऊबंदकी नव्हे, इतिहास आहे तो."

"गुरं चोरल्याचा?"

मानसिंगरावांनी व्याह्यांना तोलामोलाचं उत्तर धाडलं. आमचंही घराणं जुनं आणि सरदारांचं, असं त्यात होतं. (आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली, हे जागेअभावी राहून गेलं.) शेवटी वचन दिलं, 'आपलं वस्त्र खांद्यावर घेऊनच मी मांडवात उभा राहीन.'

लग्नाच्या चार दिवस आधी त्यांनी ट्रंक उघडली. कापड नव्हतं.

"कौसल्या, यातलं हिरवं कापड कुठंय? चौकडीचं?"

"ते बोचरं व्हय? ते निमगावच्या भामाकाकूंना दिलं. नातवाच्या लग्नात."

"दिलं?"

"अवं, आहेराच्या ट्रंकेत ठिवलं व्हतं तुमी. तितलं कापड जायालाच आसतंय."

हे मात्र खरं होतं. आहेराच्या कापडाला आपल्याकडं कायमचा मुक्काम नसतो. ते येतं, घडी न मोडता थोडं विसावतं आणि पुढच्या लग्नाला निघतं. कौसल्याबाईंचा एक मोतिया रंगाचा शर्टपीस तर सहा वर्षांत तिसऱ्यांदा माहेरी परतला होता, आणि हळदीच्या डागावरून त्यांनी त्याला ओळखलंही होतं.

मानसिंगराव निमगाव केतकीला धावले.

"कापड लई भारी," भामाकाकू म्हणाल्या. "पर अंगाला चावतंय बग. पळसदेवच्या बापूसायबाच्या वास्तुशांतीला दिऊन टाकलं."

मानसिंगरावांना हायसं वाटलं. बापूसाहेब म्हणजे कौसल्याबाईंचे चुलतभाऊ, घरचाच माणूस. ते पळसदेवला पोचले तेव्हा बापूसाहेब नव्या घराच्या ओट्यावर बसले होते.

"कापड? हाय की! त्ये काय तितं."

तिथं लिंबाखाली फौजदार उभा होता. फौजदार म्हणजे बापूसाहेबांचा एडका. शिंगं दोन वेढ्यांची, नजर बदली झालेल्या साहेबासारखी. त्याच्या अंगावर मॅकग्रॅडन कुळाची झूल होती. टेलरनं लाल रेघ बरोबर पाठीच्या कण्यावर आणली होती.

"लोकर दिसली," बापूसाहेब म्हणाले, "म्हणलं ज्याची त्याला घालावी."

"बापूसाहेब, तेवढं कापड परत द्या मला."

बापूसाहेबांचा चेहरा उतरला. "परत? दाजी, आहेर परत मागत्यात व्हय? मी दिला, तर बापूनं आहेर फिरवला म्हून चार गावं माज्या त्वांडात शाण घालतील."

"मग करू काय? वचन दिलंय हो मी व्याह्याला!"

बापूसाहेबांनी बराच वेळ मिशी चोळली. "परत द्यायचं न्हाय. आहेर करायचा. मांडवात यितो आन् सगळ्यांम्होरं तुमच्या खांद्यावर घालतो. मानानं."

"धुऊन आणाल ना?"

"बगू."

लग्नाच्या दिवशी बारामतीत ऊन रणरणत होतं. अ‍ॅलिस्टर त्याच कापडाचा घोळदार किल्ट नेसून, गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे चढवून, टोमॅटोसारखे लाल होऊन बसले होते. (एका म्हातारीनं, पाव्हण्याला धोतार कमी पडलं का, अशी चौकशी केली.) त्यांची नजर पुन्हा पुन्हा मानसिंगरावांच्या मोकळ्या खांद्यावर जात होती.

"पप्पा, कापड कुठंय?" श्रेयानं दात आवळून विचारलं.

"येतंय."

"येतंय म्हणजे? चालत?"

ते खरोखरच चालत आलं. आधी बँड, मग फेटा बांधलेले बापूसाहेब आणि त्यांच्यामागं, शिंगांना गुलाल लावलेला, संपूर्ण मॅकग्रॅडन पोशाखातला फौजदार.

अ‍ॅलिस्टर उभे राहिले. मानसिंगरावांना पुस्तकातल्या सगळ्या तलवारी एकदम आठवल्या. बापूसाहेबांनी शांतपणे झुलीचे बंद सोडले, ती दोनदा झटकली (पहिल्या तीन रांगा शिंकल्या) आणि मानसिंगरावांच्या खांद्यावर घातली. वास असा की भटजींनी मंगलाष्टक नाकावर उपरणं धरून म्हटलं. फौजदार आपल्या कपड्याला सोडून जायला तयार होईना. तो मानसिंगरावांच्या गुडघ्याला टेकून उभा राहिला, आणि पडतील तेवढ्या अक्षता खात राहिला.

मग अ‍ॅलिस्टर बोलू लागले. बराच वेळ बोलले. श्रेयाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते हसण्याचं होतं.

"पप्पा, ते म्हणतात, पाचशे वर्षं आमचं कुळ मेंढ्यांवर जगलं, पण मेंढीला तिची लोकर परत द्यायचं आमच्यात कुणाला सुचलं नाही. आणि विचारतायत, तुमच्याकडंही मेंढरं होती का?"

"सांग त्यांना," मानसिंगराव ताठ होत म्हणाले, "आमचं घराणं सरदारांचं..."

"व्हती की!" कौसल्याबाई मधेच म्हणाल्या, आणि व्याह्यांना समजावं म्हणून इंग्रजीतून ओरडल्या, "टू हंड्रेड!"

अ‍ॅलिस्टरनी मानसिंगरावांना झुलीसकट मिठी मारली.

दोन महिन्यांनी कुळाचा वार्षिक अंक आणि एक पार्सल आलं. अंकात पानभर फोटो होता. खाली छापलं होतं, 'फौजदार, आपल्या कुळाचा भारतातला पहिला सदस्य. सोबत त्याचा मेंढपाळ.'

"मेंढपाळ!" मानसिंगराव कडाडले. "चौतीस वर्षं खुर्चीवर बसलो मी!"

"आजोबास्नी किती बरं वाटलं आसतं," कौसल्याबाई म्हणाल्या.

मानसिंगरावांनी पार्सल जवळ ओढलं. आत नवं कोरं टार्टन होतं, चार मीटर. व्याह्यांनी चूक सुधारली म्हणायची, असं म्हणत त्यांनी ते खांद्यावर टाकून पाहिलं, आरशासमोर उभे राहिले, आणि मग सवयीनं पत्ता तपासला.

नाव फौजदारचं होतं. त्याखाली बारीक अक्षरांत: मार्फत, एम. कोकरे.