सुकवणमामा

बोईसरात आमच्या भागात कुणाच्या घरी पाणी शिरलं, तर माणसं आधी सुकवणमामांना हाक मारतात आणि मग देवाला. आमच्या सोसायटीत तर हाकेचीही गरज नसते. मागचा नाला फुगतो, पाणी तळमजल्याच्या उंबरठ्याशी येतं, आत जावं की नको असा विचार करत घटकाभर थांबतं; तेवढ्यात मामा त्याला ओलांडून आत शिरलेले असतात. खांद्यावर गोणपाटं, हातात वायपर आणि गळ्यात होडीच्या दोरीचं भेंडोळं.

"आदी लाइट बंद, मंग फोटो, मंग गादी, मंग मानूस," ही त्यांची घोषणा. एकदा एका आजोबांच्या खालची गादी त्यांनी याच नियमाने काढून नेली आणि आजोबांना नंतर न्यायचं म्हणून नुसत्या फळीवर बसवून ठेवलं. आजोबा अजून सांगतात, पाण्यापेक्षा फळी टोचली.

मामा तारापूरकडच्या कोळीवाड्यातले. नोकरी कारखान्यात झाली, पण ओली झालेली कुठलीही वस्तू त्यांना बोंबीलच दिसते. किनाऱ्यावर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीने दोरीवर टांगतात ना, तसं मामा गच्चीवर आणि जिन्यात दोऱ्या बांधून अख्खा संसार जोडीने टांगतात. पँटीला पँट, उशीला उशी, दहावीच्या मार्कशीटला लग्नपत्रिका. कुणी कुरकुरलं की म्हणणार, "सुकंल, सुकंल. वारा काय मेला हाय?" दोऱ्यांना मात्र तीन पिढ्यांच्या बोंबलांचा वास. बाजूच्या विंगेतल्या मुलीने त्या दोरीवर वाळलेला शालू नेसून पाहुण्यांना चहा दिला, तर पाहुणे जेवायलाच थांबले. ही गोष्ट सगळ्या बोईसरात सांगतात. सांगत मीच फिरतो, पण म्हणून ती खोटी ठरत नाही.

आता माझं दुःख ऐका. मी या सोसायटीचा निवडून आलेला सेक्रेटरी. पंप बिघडला, शिव्या मला. टाकीत कबुतर पडलं, शिव्या मला. आणि पाणी ओसरलं की गरम भजी मामांना. भाड्याने राहणारी बिहारची पोरंसुद्धा "मामाजी, पहले हमारे यहाँ" म्हणून त्यांचा हात धरून ओढायची. माझ्याकडे बघून ती फक्त विचारायची, "सेक्रेटरीजी, पानी कब जाएगा?" जणू मीच त्याला जेवायला बोलावलं होतं.

माझ्या बायकोने, सुनीताने, तर कळस केला. एकदा म्हणाली, "अहो, मामा आले की घरात कुणी पुरुष माणूस असल्यासारखं वाटतं."

मी तेव्हा घरातच होतो.

मग मी पालघरला जाऊन पाणी ओढायचं यंत्र आणलं. दुकानदाराने बादलीभर पाणी एका घोटात पिऊन दाखवलं, यंत्राकडून. मला वाटलं, आता अरबी समुद्रानेही जपून राहावं.

यंदा श्रावणात नाला आला. आमचं घर तळमजल्यावर. मी दाराला आतून कडी घातली, यंत्राची सोंड हातात घेतली, बटण दाबलं. यंत्र एकदाच गुरगुरलं आणि मेलं. जिन्याखालचं मेन स्विच मामांनी बंद केलं होतं.

"सेक्रेटरी," दाराबाहेरून आवाज आला, "पान्यात उभा राहून विजेशी खेळतो? बाईला विधवा करायची हाय?"

मी कडी काढली नाही. तेवढ्यात भिंतीवरची ओली फळी कोसळली आणि तिच्यावरची तसबीर पाण्यात गेली. सुनीताच्या आईचा फोटो. आई गेली तेव्हा सुनीता जेमतेम चालायला लागली होती. आईचा चेहरा तिला आठवतो तो या फोटोतलाच. दुसरा फोटो नाही. तसबिरीत पाणी शिरून कागद काचेला चिकटला होता. मामांच्या आधी काहीतरी आपण वाचवावं, या ईर्षेने मी नखाने एक कोपरा धरला आणि ओढला. कोपरा माझ्या हातात आला. बाकीची आई काचेवरच राहिली.

सुनीताने जाऊन कडी काढली.

"हात काढ," मामा म्हणाले. त्यांनी काचेसकट फोटो स्वच्छ पाण्याच्या टबात ठेवला.

"अहो मामा, भिजलेलं आणखी भिजवताय?" मी विचारलं.

"खेचशील तर चेहरा काचेवर ऱ्हाईल नि कोरा कागद तुझ्या हातात. त्याला आपनहून सुटू दे."

सुनीता टबापाशी बसून राहिली. मामा घर उपसत होते, मी त्यांच्या हाताखाली गोणपाटं पिळत होतो. बऱ्याच वेळाने झोपेत कूस बदलावी तसा फोटो काचेवरून सुटला. चेहरा शाबूत होता.

खाली कोरडी जागा नव्हती. "माझ्याकडं टांगू," मामा म्हणाले, आणि आम्ही पहिल्यांदाच तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या घरी गेलो. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी वापीला. खोलीत एक खुर्ची, खुंटीला एक टॉवेल.

"मामा, इकडे कुणी येत नाही?" सुनीताने विचारलं.

"पानी तिसऱ्या माळ्यावर चडत नाय, बाय. मंग मानूस कशाला चडंल?" मामा दोरीला गाठ मारत होते. "तुमच्याकडं पानी शिरलं की अख्खी बिल्डिंग शिरते. चाय काय, भजी काय. खरं सांगू? जळतो मी तुमच्यावर."

इतकी वर्षं या इमारतीत जळण्याचं काम मी एकटाच करतो, असा माझा समज होता.

उघडीप मिळाल्यावर आम्ही फोटो आणायला गेलो. दोरीवर तो एकटाच होता, पापडासारखा खडखडीत. खाली धुतलेले तीन कप मांडलेले. मामांनी कागदाला बोट लावलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "अजून ओल हाय. उद्या येऊन बगा."

सुनीताने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन फोटोला हात लावला आणि ओला झाल्यासारखा हात सदऱ्याला पुसला.

"उद्या कसलं, मामा? जुना कागद आहे, दिवाळी उजाडेल. आम्हा बापड्यांना रोज वर यावं लागणार."

सुनीता आईकडे क्षणभर बघत राहिली. मग जमिनीवर बसली आणि म्हणाली, "माझ्या चहात आलं घाला, मामा."