गुडघ्याच्या उंचीवरून

गोल्फ क्लबच्या ऑफिसातली क्लार्क बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हा सेक्रेटरीने बदली म्हणून आपल्या वहिनीलाच आणून बसवलं. वहिनी कोर्टातून निवृत्त झालेल्या टायपिस्ट. चौतीस वर्षं निकालपत्रं टाईप केलेली. गोल्फ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण सेक्रेटरीच्या मते त्याची गरजही नव्हती. संघटनेकडून आलेल्या पत्रावरून नियमांत झालेल्या बदलांची एक पानी सूचना टाईप करून फलकावर लावायची, एवढंच काम. नवी नियमावली येऊन बराच काळ लोटला होता. ती कपाटात, न फोडलेल्या पाकिटात, सुखरूप होती.

"दहा मिनिटांचं काम आहे, वहिनी," सेक्रेटरी म्हणाला.

चौथ्या मिनिटाला वहिनींनी हाक मारली. "भाऊजी, 'बॉल गुडघ्याच्या उंचीवरून सोडावा' म्हणजे काय? कुणाच्या गुडघ्याच्या?"

"असेल कुणाच्या तरी. तुम्ही टाईप करा ना."

"असं कसं? एकदा मी न समजता एक स्वल्पविराम टाकला होता. एका माणसाची अर्धी गच्ची भावाच्या नावावर गेली."

सेक्रेटरीला उत्तर माहीत नव्हतं. त्याने कपाटातलं पाकीट फोडून अख्खं पुस्तकच त्यांच्यापुढे ठेवलं आणि मैदानावर फेरी मारायला निघून गेला.

वहिनी दोन दिवस वाचत होत्या. आधी चष्मा लावून, मग चष्मा कपाळावर सरकवून, मग पुन्हा लावून. चहा गार होत होता. मधूनच त्या मान वर करून खिडकीबाहेरच्या हिरवळीकडे बघायच्या, देवळात आल्यासारख्या.

"भाऊजी, केवढा विचार केलाय हो माणसांनी! बॉल विषारी सापाशेजारी जाऊन पडला तर काय करायचं, तेसुद्धा लिहिलंय. दंड न घेता लांबून खेळा म्हणतात. बॉल शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची, आता तीनच. आणि शोधता शोधता चुकून पाय लागून हलला, तर पूर्वी दंड असायचा, आता नाही. जागेवर ठेवा आणि पुढे चला. मुद्दाम नाही ना केलं? मग झालं! हेच सिद्ध करायला आमच्या कोर्टात बारा-बारा वर्षं लागायची."

"आणि तो गुडघा?" सेक्रेटरीने विचारलं. त्यालाही आता उत्सुकता वाटू लागली होती.

"खेळणाऱ्याचा स्वतःचा, सरळ उभं असतानाचा. बॉल पाण्यात गेला की दुसरा घेऊन नेमल्या जागी हातातून सोडायचा असतो ना, तो पूर्वी हात लांब करून खांद्याच्या उंचीवरून सोडायचे. आता गुडघ्याच्या. खांद्यावरून सोडून तसाच खेळलात तर एक फटका दंड." हे सांगताना त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. "हा फोटो कधीचा?"

फोटोत क्लबचे कप्तान तळ्याकाठी उभे होते. हात खांद्यातून ताठ, चेहरा शपथ घेतल्यासारखा, आणि बॉल नुकताच बोटांतून सुटलेला.

"गेल्या महिन्यातल्या कपच्या वेळचा," सेक्रेटरी म्हणाला. "एक फटका कमी लागला म्हणून जिंकले ना ते." म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

दुर्दैव असं की लॉकरची किल्ली घ्यायला आलेला दंतवैद्य दारातच उभा होता. कप त्याच एका फटक्याने त्याच्या हातून गेला होता. तो फोटोजवळ गेला आणि दाढ तपासावी तसा तो त्याने तपासला.

"खांदा," तो हळूच म्हणाला. "स्पष्ट खांदा आहे."

दुपारी चारला समिती ऑफिसात जमली. खुर्च्या पुरल्या नाहीत, तेव्हा दोघं जण कपाटाला टेकून उभे राहिले. कप्तान आले. सहा फूट उंची, पांढरे बूट. क्लबमध्ये एकवीस वर्षं नियमाचा प्रश्न निघाला की सगळे त्यांच्याकडे बघायचे, आणि ते आकाशाकडे बघून उत्तर द्यायचे.

"एक फटका वाढला की बरोबरी होते," दंतवैद्य म्हणाला. "पण त्यांनी सही करून दिलेल्या फटक्यांच्या कार्डावर तो लिहिलेला नाही. म्हणजे कार्ड चुकीचं. म्हणजे बाद! कप माझा."

"थांबा, डॉक्टर," वहिनींनी पान उलटलं. "कप देऊन झालाय, स्पर्धा संपलीय. आता दंड लागल्याचं ठाऊक असून लिहिला नसेल, तर माणूस बाद. पण ठाऊकच नसेल, तर निकाल आहे तसाच राहतो." त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. "काय न्याय आहे! अजाण माणसालासुद्धा जागा ठेवलीय."

सगळ्यांनी कप्तानांकडे पाहिलं. त्यांनी सवयीने आकाशाकडे पाहिलं, पण तिथे पंखा होता.

"बक्षीस समारंभात तुम्ही काय म्हणालात?" दंतवैद्याने विचारलं. "'नवे नियम मला तोंडपाठ आहेत.' माईकवर! चाळीस माणसांदेखत!"

कप्तानांनी कपाळाचा घाम पुसला. तोंडपाठ होते म्हणावं, तर कप जातो. नव्हते म्हणावं, तर एकवीस वर्षं जातात. ते खिडकीशी गेले.

"मला," ते शेवटी म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं."

हे वाक्य त्या इमारतीत त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. कपाटाला टेकलेला एक जण सरळ उभा राहिला.

"लेखी द्यावं लागेल," दंतवैद्य पुटपुटला.

वहिनींनी कागद घेतला. दोन ओळी टाईप करून पुढे सरकवला. कप्तानांनी सही केली, ती नेहमीपेक्षा बरीच लहान आली.

"आणि डॉक्टर, तुम्ही त्या दिवशी कुठून सोडला होतात?" वहिनींनी सहज विचारलं.

"मी ना? मी असा..." दंतवैद्याचा हात आपसूक वर गेला आणि खांद्याशी येऊन थांबला. त्याने त्या हाताकडे पाहिलं. मग तो हळूहळू खाली घेतला. "वहिनी, एक माझ्याही नावाचं करा."

पाठोपाठ कपाटाजवळचे दोघं पुढे सरकले. मग खजिनदार, मग समितीतले बाकीचे, मग बाहेर व्हरांड्यात कान लावून उभे असलेले चौघं. साडेपाचपर्यंत वहिनींनी पंधरा कबुल्या टाईप केल्या. प्रत्येक जण सही करून मोकळा श्वास टाकत होता आणि नवं पुस्तक जरा हातात घेऊन बघत होता. कप्तान खुर्ची ओढून सापाचं पान वाचत बसले होते. मधूनच "अरेच्चा!" म्हणत होते.

"भाऊजी, तुमची राहिली," वहिनी म्हणाल्या. "तुमचाही बॉल तळ्यात गेला होता ना?"

"चार वेळा," सेक्रेटरी म्हणाला. तो स्पर्धेत शेवटचा आला होता. "पण मी चारही वेळा गुडघ्यावरूनच सोडला."

कप्तानांनी पुस्तक मिटलं.

"तुम्ही नियम वाचले होते?"

"छे हो. खांदा धरलाय तीन महिने. हात वरच जात नाही."

पण आता ते कुणी ऐकत नव्हतं. सगळ्या क्लबात एकच माणूस नियमाप्रमाणे खेळला होता, आणि तो इतके दिवस मुकाट्याने लॉकरच्या किल्ल्या वाटत होता. दंतवैद्याने त्याला बसायला खुर्ची दिली. कप्तान उठून त्याच्यासमोर आले आणि हात मिळवायला त्यांनी आपला हात पुढे केला. सेक्रेटरीचा हात तेवढ्या उंचीला येईना, तेव्हा ते कमरेत वाकले.